दुसरा आरसा

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
३ फेब्रुवारी २०२५

आप्पासाहेब काका, नमस्कार.

वाईट बातमी आधी सांगून मोकळी होते. माझा पाय मोडला. तुमच्या लेण्यांच्या पायऱ्या सहा महिने चढले-उतरले, कधी ठेच लागली नाही. आणि घरात रव्याचा डबा काढायला स्टुलावर चढले तर घोटा गेला. सहा आठवडे प्लास्टर. अम्मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की हिनं आता तरी एका जागी बसून लिहावं म्हणून अल्लानंच हे केलं.

त्यामुळे वेरूळला येऊन तुमच्यासमोर प्रकरण वाचून दाखवणं होणार नाही. फोनचं तर विचारूच नका. मागच्या खेपेला मी तुमचं जन्मसाल विचारलं आणि तुम्ही म्हणालात, ‘हो हो, घरीच आहे.’ म्हणून मोठ्या अक्षरांत बावीस पानं छापून पाठवतेय. नाव आहे ‘आरसेवाले आप्पा’. लेण्यांत दिवे नव्हते त्या काळात दारातलं ऊन आरशानं आत अंधारात फिरवून मूर्ती दाखवणारा माणूस, एकोणीस वर्षं, एकटा. सगळं तुम्ही सांगितलं तसंच आहे. चुकलेलं दिसलं की लाल पेननं खूण करा. लाज धरू नका.

एवढी का मागे लागते, तेही सांगते. माझ्या पहिल्या पुस्तकात गंगापूरकडच्या गोकुळभाऊंच्या गोठ्यातली म्हैस मी गाय लिहिली. वहीत फक्त ‘जनावर’ टिपलं होतं, घरी येऊन आठवणीनं लिहिलं. एका निवृत्त मास्तरांनी पेपरात पत्र पाठवलं: ‘ज्या बाईला म्हैस ओळखता येत नाही, तिनं माणसं काय ओळखली असतील?’ गोकुळभाऊ अजून माझ्याशी बोलत नाहीत. मी कादंबऱ्या लिहीत नाही काका, खऱ्या माणसांची खरी गोष्ट लिहिते. माझ्याजवळ खरेपणाशिवाय दुसरं भांडवल नाही. यातही म्हैस निघाली तर तिसरं पुस्तक कोणी दारात उभं करणार नाही. तेव्हापासून नेम केला: ज्याचं प्रकरण त्याला वाचून दाखवायचं, मगच छापायचं.

पुस्तक २० मार्चला छापायला जातंय. माझ्या पुण्याच्या संपादक विशाखाताई शेवटची ओळ वाचून फोनवर रडल्या. ती ओळ: ‘एकोणीस वर्षं ज्यानं जगाला लेणी उजळून दाखवली, त्याच्या बायकोनं ती उजळलेली कधी पाहिलीच नाहीत.’ साळूमावशींना वाचून दाखवा. त्यांना सलाम.

तुमची
महेजबीन


वेरूळ
९ फेब्रुवारी २०२५

महेजबीन पोरी, आशीर्वाद.

पाकीट पोचलं. पायाचं ऐकून वाईट वाटलं. हळद-तुरटीचा लेप लावायला प्लास्टरमुळं जागाच नाय ठेवली त्यांनी, नायतर आठ दिवसांत पळाली असतीस.

बावीस पानं तीनदा वाचली. लई झाक लिहिलंस. वाचताना मला वाटलं, हा आप्पा कोण बुवा, भेटला पाहिजे एकदा. आता चुका. पान तीन, कुत्रीचं नाव राणी नाय, मैना. राणी ही शेजाऱ्यांची, ती चावरी होती. पान सात, मी ‘कप उचलला’ लिहिलंस, मी जन्मात कपानं चहा प्यालो नाय, बशीत ओतून पितो. पान अकरा, ‘जुनी आठवण सांगताना आप्पांचे डोळे भरून आले’. भरून आले हे खरं, पण तंबाखूला चुना लावलेलं बोट डोळ्याला लागलं होतं. तू लगेच वही काढलीस, मग मला सांगायला बरं वाटलं नाय.

आता खरं काम. मी तुला एक खोटं सांगितलंय.

घाबरू नको. आमच्या वेळी दोघा-तिघा गाइडांची एक खोड होती. प्रत्येक मंडळींना एक बात खोटी सांगायची. ऐकतायत का नुसती मुंडी हलवतायत, ते कळतं. ज्यानं पकडली त्याला निवांत, कोपरा न् कोपरा दाखवायचा. ज्यानं नाय पकडली त्याला लवकर बाहेर आणून उसाचा रस दाखवायचा. तुला सहा महिने मी सगळं खरंच सांगितलं, पण एक बात खोटी आहे, आन् ती बावीस पानांत मधोमध बसलीय. ती काय, हे मी तोंडानं सांगू शकत नाय. शपथ आहे. तू शोधलीस तर माझा इलाज नाय.

साळूला पानं वाचून दाखवली. शेवटची ओळ आली तशी ती उठून मिरच्या निवडायला गेली.

तुझा
आप्पासाहेब


औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
१३ फेब्रुवारी २०२५

काका,

तुमच्या पत्रानं माझा दुसरा पायही मोडल्यासारखा झाला. पाच आठवडे राहिलेत छापायला आणि तुम्ही माझ्याशी गाइडगिरी करताय? विशाखाताईंना फोन केला तर त्या आधी पाच मिनिटं हसल्या, मग म्हणाल्या, ‘शोध. संशय असलेलं पान मी छापणार नाही, आणि तुझं नाव आधीच म्हशीवर बसलंय.’

तर बसून सगळ्या वह्या पुन्हा वाचल्या. अकरा वह्या. माझे संशयित असे: कोलकात्याचा तो फोटोवाला छताचा एक फोटो काढायला तीन तास उताणा पडून राहिला आणि तिथंच झोपला, ही बात. माकडानं एका मेमसाहेबाचा चष्मा नेला आणि तुम्ही आरशाचा झोत त्याच्या डोळ्यावर मारून तो खाली पाडलात, ही बात. हिच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय आहे, कारण ही फार गोड आहे. आणि तिसरी, मधमाश्या उठल्या तेव्हा तुम्ही बावीस शाळकरी मुलींना आरशाच्या चौकटीखाली धरून बाहेर आणलंत. एका चौकटीखाली बावीस? मी अम्मीच्या पलंगपोसाखाली गल्लीतल्या पोरी बसवून पाहिल्या. नऊ मावतात.

यातली कुठली, तेवढं सांगा. नुसती मान हलवा. नाहीतर पत्रावर टिंब द्या.

आणि चुना लावलेल्या बोटाबद्दल मी दुखावलेय. ते पान मला फार आवडत होतं.

महेजबीन


वेरूळ
१८ फेब्रुवारी २०२५

पोरी,

तिन्ही खऱ्या. कोलकात्याचा घोरत होता, त्याच्या घोरण्यानं वटवाघळं उठली हे मी तुला सांगितलं नाय, कारण ते कुणाला खरं वाटणार नाय. माकडाची बात खरी, चष्मा मात्र फुटला. मुली बावीसच. पण चौकटी दोन जोडल्या होत्या.

तू वह्यांत शोधतेस, तिथं नाय सापडायचं. वहीत मी जे सांगितलं तेच आहे. कागद सोड. तू आरशाबद्दल बावीस पानं लिहिलीस, एकदा तरी हातात आरसा धरून उन्हात बसलीस का? करून बघ. पाय मोडलाय, हात तर धड हायेत.

महाशिवरात्र तोंडावर आलीय. घृष्णेश्वराला गर्दी सुरू झाली. दर सालासारखा साळूचा भाऊ सोमनाथ गंगापूरहून येणार, म्हणून ती घर सारवून-पुसून बसलीय. तुझी पानं तिनं धान्याच्या कोठीवर ठेवलीत आन् वर वरवंटा ठेवलाय.

आप्पासाहेब


औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
२२ फेब्रुवारी २०२५

काका,

केलं. आता सविस्तर ऐका.

आमच्या गल्लीत दुपारी तासभर ऊन उतरतं. दारात खुर्ची टाकली, पाय स्टुलावर, आणि अम्मीच्या कपाटाचा आरसा हातात घेतला. ठरवलं की बैठकीच्या मागं, वळणापलीकडं जे अंधारं स्वयंपाकघर आहे त्याची भिंत उजळायची. पहिला झोत समोरच्या कापडवाल्याच्या तोंडावर. दुसरा रिक्षावाल्याच्या. गल्लीत चार माणसं जमली आणि प्रत्येकजण मला आरसा कसा धरायचा ते सांगू लागला. काहीही केलं तरी उजेड बैठकीच्या भिंतीवर जाऊन थांबायचा. ऊन सरळ जातं, काका. ते वळत नाही. एवढी साधी गोष्ट मला बावीस पानं लिहून कळली नव्हती.

मग अम्मीला हाक मारली. ती पीठ मळत होती, हातात स्टीलची परात. ‘किताब लिखती के जादू करती गे?’ म्हणत येऊन वळणावर उभी राहिली, आणि माझा झोत परातीवर पडला तसा सगळा उजेड वळून स्वयंपाकघरात शिरला. लोणच्याच्या बरण्या, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं लख्ख. अम्मीला कोपऱ्यातली जळमटं दिसली आणि ती परात टाकून झाडू आणायला गेली. उजेड गेला. मी मात्र दारात तशीच बसून राहिले.

एका आरशानं दारासमोरचं दिसतं. बाजूच्या भिंतीवरची मूर्ती दिसायला दुसरा आरसा लागतो, आणि दुसरा आरसा म्हणजे दुसरा माणूस. आणि माझ्या पानांत तर तुम्ही बाजूच्या भिंतीसुद्धा उजळताय, एकटे.

मग आठवलं. तुमच्या खाटेमागं दोन चौकटी उभ्या होत्या. तुम्ही म्हणालात, एक जुनी. तिचं लाकूड दुसरीपेक्षा जास्त तडकलेलं होतं आणि मुठीला हिरव्या लुगड्याचा काठ गुंडाळलेला होता, घट्ट, नीट टाका घालून. मी वहीत लिहिलंय: ‘आप्पा शिवणकामातही निपुण’. माझी अक्कल बघा.

काका, दुसरा आरसा कुणी धरला? साळूमावशींनीच ना?

तसं असेल तर विशाखाताईंना रडवणारी माझी ओळ साफ खोटी आहे. आणि ती छापून जाणार होती.

महेजबीन


वेरूळ
१ मार्च २०२५

पोरी महेजबीन,

पकडलंस. आता तुला कोपरा न् कोपरा दाखवायला हरकत नाय.

व्हय, दुसरा आरसा साळूचा. माझा जोडीदार एकोणऐंशी साली काम सोडून गेला. फोटोवाले येऊन बसलेले, एकट्यानं होईना. साळूला म्हटलं, चार दिवस चल. त्या चार दिवसांची एकोणीस वर्षं झाली. अठ्ठ्याण्णवला दिवे आले तवा थांबली. पदर पार नाकापर्यंत ओढायची आन् आरसा असा धरायची की झोत मुंगीएवढा सरकायचा नाय. परदेशी फोटोवाले मला ‘व्हेरी गुड’ म्हणायचे. मी घ्यायचो.

आता शपथेचं. साळूचं माहेर गंगापूरचं, मोठं खटलं, उसाचं रान. बाप असा की लेकीनं उंबऱ्याबाहेर कामाला जाणं म्हणजे घराची इज्जत गेली. माझ्या पदरात ती पडली तीच मुळी, जावई सरकारी नोकरीत आहे असं कुणीतरी सांगितल्यामुळं. बाप गेला. मग भाऊ सोमनाथ. मनाचा भला, पण दर लग्नात, दर बारशात, पंगतीत बसून मोठ्यानं सांगणार, ‘आमच्या अक्कानं आयुष्यात उन्हात पाऊल टाकलं नाय. राणीवाणी ठेवलीय दाजींनी.’ साळूचा चेहरा रापलेला बघून तो विचारायचा, तर ती सांगायची, पापड वाळवते. म्हणून दर भाऊबीजेला तो साडीबरोबर तोंडाला लावायच्या क्रीमचा डबा आणतो. पंचेचाळीस वर्षं पापड वाळवून कुणी एवढं रापतं का, हे त्याला सुचलं नाय. अख्ख्या वेरूळला माहीत होतं, गंगापूरला नाय.

तिनं मला शपथ घातली होती. तू पुस्तक लिहिणार म्हणून कळल्यावर पुन्हा घातली. ‘विचारलं तर सांगा, ती कधी आलीच नाय.’ मी सांगितलं. तू ते लिहिलंस, आन् इतकं चांगलं लिहिलंस की मला झोप येईना. माझं नाव पुस्तकात, आन् जिनं अर्धं काम केलं ती मिरच्या निवडत बसलेली. म्हणून ती खोट्याची बात काढली. मी तोंडानं सांगितलं नाय, तूच शोधलंस. शपथ शाबूत आहे.

शिवरात्रीला सोमनाथ आला. दर्शन झालं, शाबूची खिचडी झाली. साळू दोनदा बोलायला बसली आन् दोनदा चहा ठेवायला उठली. तो परत गेला. ती म्हणते, सत्तर वर्षांच्या माणसाच्या तोंडचा घास काढायचा का? आहे तसंच छापा.

आप्पासाहेब


औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
४ मार्च २०२५

साळूमावशी,

हे पत्र तुम्हाला. काकांना वाचू देऊ नका, निदान आधी तुम्ही वाचा. चौथीपर्यंत शिकलात हे काकांनी मागं सांगितलं होतं, आणि ही बात ते खोटी बोलले नसतील असं धरून चालते. अक्षर मोठं काढलंय.

मावशी, आधी माफी मागते. सहा महिने तुमच्या घरी आले, तुमच्या हातची भाकरी खाल्ली, आणि एकदाही तुम्हाला विचारलं नाही की तुम्ही काय करत होतात. तुम्ही चहा आणून ठेवलात की मी कप बाजूला सरकवून काकांकडे तोंड करत होते. म्हशीला गाय लिहिलं त्यापेक्षा ही चूक मोठी.

आता माझी अडचण. तुमची मर्जी नसेल तर तुमचं नाव एका ओळीतही येणार नाही. ते गुपित तुमचं आहे, त्यावर माझा हक्क नाही. पण मला आता माहीत झालंय. माहीत असताना ‘एकटा’ असं मी लिहू शकत नाही. मग एकच वाट उरते: अख्खं प्रकरण काढायचं. विशाखाताई चिडल्यात, म्हणतात पुस्तकाचा कणाच गेला. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. या वेळी बोटाला चुना नव्हता. पण रोजे सुरू झालेत, आणि रोज्यात बसून खोट्याला खरं करणं मला जमणार नाही. एरवीही जमू नये.

२० तारखेला छपाई. त्याआधी तुमचा होकार आला नाही तर मी समजेन नाही म्हणालात, आणि काही मनात धरणार नाही. ईदचा शीरखुर्मा तुमच्याकडे येणारच, त्याचा याच्याशी संबंध नाही.

तुम्ही हो म्हणालात तर काय छापेन, ते कळावं म्हणून खाली लिहून पाठवते. प्रकरणाचं नाव बदललंय, ‘दुसरा आरसा’. त्यातली ओळ अशी: ‘आप्पासाहेब दारात उभे राहून ऊन पकडत, आणि आत सावलीत साळूबाईंच्या हातातला दुसरा आरसा ते ऊन मूर्तीपर्यंत नेई. लेणी जेवढी त्यांनी पाहिली तेवढी कुणीच पाहिली नसतील.’

चुकलं असेल तर सांगा.

तुमची
महेजबीन


वेरूळ
१४ मार्च २०२५

महेजबीन,

तू साळूला काय लिहिलंस? मला वाचू दिलं नाय. चार दिवस कागद कमरेला खोचून फिरली. रविवारी सकाळी उठली, नवी साडी नेसली, म्हणाली, गंगापूरला जाऊन येते. एकटी. लग्न झाल्यापासून माहेरी एकटी गेली नव्हती, दर वेळी मीच सोडायला जायचो. मी म्हटलं, येऊ का? म्हणाली, तुम्ही घर सांभाळा. आन् यष्टीत बसली.

आज सहावा दिवस. फोन करायची सोय नाय, मला ऐकू येत नाय. शेजारच्या सरूबाईनं लावला तर तिकडून कुणीतरी म्हणालं, अक्का आहेत, बऱ्या आहेत, आन् ठेवून दिला. भांडण झालं का काय, काय कळंना. मी रोज भाकरी थापतोय. पहिल्या दिवशीची मैनानं हुंगून सोडून दिली. ही मैना म्हणजे त्या मैनाची पणती. पुस्तकात घाल हवं तर.

आज धुळवड. पोरांनी दारात येऊन रंग टाकला, मी टाकू दिला. पोरी, मी तुला ते खोट्याचं सांगायला नको होतं असं आता वाटतंय. पुस्तक गेलं खड्ड्यात, माझी म्हातारी परत आली पाहिजे.

आप्पासाहेब


वेरूळ
१७ मार्च २०२५

महेजबीनबाई हिला साळूबाईचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाय. हळूहळू लिहितेय. सोमनाथचा मुलगा तुझ्या गावात नोकरीला आहे, त्याच्या हाती देतेय, म्हणजे वीस तारखेच्या आत मिळेल.

मी गंगापूरला गेले. पहिल्याच दिवशी सोमनाथला सांगितलं. जेवायच्या आधी सांगितलं, नायतर पुन्हा चहा ठेवायला उठले असते. सगळं सांगितलं. तो ताटावरून उठला आन् रानात गेला. दुसऱ्या दिवशी बोलला नाय. तिसऱ्या दिवशी बोलला नाय. भावजय म्हणाली, अक्का, जा तुम्ही. मी म्हटलं, नाय जात. लपवलं मी, तर बसून ऐकून घेईन मी. तो काय बोलायचं ते बोलला की जाईन. रोज त्याच्यासमोर बसायचे. बाजरी निवडली, तूर निवडली. निवडायला काय उरलं नाय.

सहाव्या दिवशी सकाळी तो माझ्या शेजारी येऊन बसला. मला वाटलं, आता बोलणार, लोकांत मान खाली गेली म्हणणार. त्यानं विचारलं, ‘अक्का, मग आत कसं दिसायचं गं?’

मी म्हटलं, मला नाय माहीत. मी दारात असायचे.

तेवढ्यासाठी हे पत्र लिहितेय, बाई. तुझी ओळ चुकलीय. ह्यांनी तुला काय सांगितलं ते सांगोत. दुसरा आरसा माझा नव्हता. पहिला माझा. दारात, उन्हात मी उभी राहायचे. ऊन मी पकडायचे. ते सारखं सरकतं, त्याच्याबरोबर चौकट सरकवावी लागते, मान वळवायची सोय नाय. हे आत सावलीत दुसरा आरसा धरून उभे, लोकांशी बोलत. ह्यांना ऊन सोसत नाय, पित्त होतं. म्हणून माझं तोंड रापलं आन् ह्यांचं नाय. दोघांना शेजारी बसवून नुसतं बघितलं असतंस तरी तुला कळलं असतं.

आन् दुसरं. आधीच्या पानात तू लिहिलं होतंस की मी लेणी उजळलेली कधी पाहिली नाय. ह्यांनी ते खोटं म्हणून सांगितलं. पण ते खरंच होतं. म्हणून त्या दिवशी मी उठून मिरच्या निवडायला गेले. उजेड माझ्या हातात, मी बघायला आत गेले तर उजेड जाणार. आतून लोक ‘वा वा’ म्हणायचे ते ऐकू यायचं. त्यावरून मी समजायचे की बरोबर पडलं. दिवे आले तवा माझं काम गेलं, मला राग आला, मग मी तिकडं फिरकलेच नाय. हे मी ह्यांना पण कधी बोलले नाय.

सोमनाथनं हे ऐकलं. तसाच उठला आन् जीप सांगितली. काल रविवारी गंगापूरहून अकरा माणसं आली. भावजय, पोरं, सुना, एक व्याही. दुपारी तीन वाजता दहा नंबरच्या लेण्याला गेलो, ज्याला आम्ही सुताराची झोपडी म्हणतो. रखवालदार जुन्या ओळखीचा, त्यानं आतला दिवा अर्धा तास बंद केला. ह्यांनी दोन्ही चौकटी खाटेमागून काढून पुसून आणल्या होत्या. मी दारात माझ्या जागेवर उभी राहिले, तर सोमनाथनं माझ्या हातातून चौकट घेतली. म्हणाला, ‘आज तू आत जा.’

त्याला कुठं जमतंय. पहिला झोत व्याह्यांच्या टकलावर. मी त्याला शिकवलं. मूठ खाली, कोपर पोटाला टेकव, आरशाकडं बघू नको, उजेड कुठं पडला तिकडं बघ. दहा मिनिटं लागली. मग धरला त्यानं. घामानं सदरा भिजला, तरी धरला. मी आत गेले. हे आत त्यांच्या जागेवर उभे होते, त्यांनी उजेड वळवला.

बाई, मला वाटलं होतं मूर्ती माणसाएवढी असेल. केवढी मोठी आहे. अंधारात मी पायापर्यंतच पाहिली होती. वर तोंड आहे, शांत, आन् छताला दगडाच्या फासळ्या, लाकडाच्या तुळया असाव्या तशा. हे हळूहळू एकेक दाखवत होते, फोटोवाल्यांना दाखवायचे तसं. एकोणीस वर्षं मी हे उजळत होते. मी लई रडले. भावजय पण रडली. हे म्हणाले, डोळ्यात काहीतरी गेलंय.

आतून लोकांचं मला ऐकू यायचं तसं मी ‘वा वा’ मोठ्यानं म्हटलं, म्हणजे सोमनाथला कळेल बरोबर पडलंय.

नाव छाप. सगळं छाप. सोमनाथनं पाच पुस्तकं सांगितलीत, म्हणतो आता पंगतीत हेच सांगणार. फक्त ओळ दुरुस्त कर, पहिला आरसा माझा. आन् शेवट लिहिशील तिथं हे घाल की आता पाहिलंय. सोळा मार्च, दुपारी तीन.

तुझं प्लास्टर निघालं असेल. पाय जपून टाक. सोमनाथ अर्धा तास उन्हात उभा राहिला, तर घरी येईपर्यंत तोंड टोमॅटोगत झालं. कोठीत त्यानंच आणलेले क्रीमचे डबे आहेत, एकही फोडला नव्हता. त्यातला एक काढला आन् त्याला लावला.

साळूबाई